आत्याबाईंची मूठ अजून मिटत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. पत्र थोडक्यात असं:

"ताई, आमची साडेपाच एकर कोरडवाहू, कापूस आन् तूर. माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, 58 वर्षांच्या. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्यांना सणकून ताप भरला. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. रक्तात चिकनगुनिया निघाला. आता संक्रांत तोंडावर आली तरी सकाळी त्यांची मूठ मिटत नाही. चहाच्या कपाचा कान धरता येत नाही, कप दोन तळव्यांत दाबून धरतात. नाकावर काळा डाग पडला, तो पदराने झाकतात. दुपारनंतर हात जरा मोकळे होतात, तर शेजारच्या बाया म्हणतात, 'वेचणीला जायच्या वेळीच हिचं दुखते, दुपारी बरी राहते.' मजूर मिळत नाही, कापूस झाडावर लोंबतो आहे. परवा आमचे मालकही बोलून गेले, 'चार महिने झाले माय, आता किती दिवस बसून रायशीन?' त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री जेवल्या नाहीत. गावात येणारे एक डॉक्टर दर दहा-बारा दिवसांनी कमरेत इंजेक्शन देतात, सोबत कागदाच्या पुडीत गोळ्या देतात. चार दिवस बरं वाटते, मग पुन्हा तेच. त्यांना बीपीची गोळी चालू आहे. माझी मुलगी आजीजवळ झोपायची, तर जाऊबाई म्हणतात तिला लागण होईल. आत्याबाई परवा म्हणाल्या, 'या घरात माझं आता काही काम उरलं नाही.' मी काय करू?"

ताई,

दोन तळव्यांत दाबलेला तो कप तुम्ही पाहिलात आणि लिहिलात, हे फार चांगलं केलंत. डॉक्टरला नेमकं हेच सांगावं लागतं. "आंग दुखते" एवढं ऐकून कोणालाच काही कळत नाही. "सकाळी कपाचा कान धरता येत नाही" म्हटलं की कोणते सांधे, कधी आणि किती, हे सगळं एका वाक्यात येतं.

आधी शेजारणींच्या बोलण्याचं उत्तर देते, कारण औषधाइतकीच त्याची गरज आहे. सकाळी जखडणं आणि दुपारी मोकळं होणं हा बहाणा नाही. सुजलेल्या सांध्याची खूणच ती आहे. रात्रभर हालचाल नसते, सूज सांध्यात साचून राहते आणि उठल्यावर बोटं लाकडासारखी होतात. मग हात हलत जातो, अंग तापतं, तसा तासा-दोन तासांनी सांधा सुटतो. झिजलेल्या गुडघ्याचं याच्या उलट असतं, तो सकाळी बरा असतो आणि दिवसभर राबल्यावर संध्याकाळी ठणकतो. गावातल्या बायांनी आयुष्यभर दुसऱ्या प्रकारचं दुखणं पाहिलेलं असतं, म्हणून पहिल्या प्रकारचं त्यांना खोटं वाटतं. हे मालकांना आणि त्या बायांनाही असंच समजावून सांगा. भांडून सांगू नका. "सूज रात्री भरते, म्हणून सकाळी हात चालत नाही," इतकं पुरे आहे.

आणि चार महिने म्हणाल, तर चिकनगुनियात हे अवचित नाही. ताप सहसा आठवड्याच्या आत जातो. बहुतेक माणसं काही आठवड्यांत कामाला लागतात. पण बऱ्याच जणांचे सांधे महिनोन्महिने दुखतात, आणि काहींना वर्षभर किंवा त्याहूनही जास्त त्रास राहतो. तीन महिन्यांच्या पुढे दुखणं टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट टप्पा म्हणतात, आणि तिथून उपचाराची पद्धत बदलते. बाई असणं, वय पंचेचाळिशीच्या पुढे असणं, सुरुवातीचं दुखणं जोरदार असणं आणि आधीपासून सांध्यांचा त्रास असणं, अशांत दुखणं लांबायची शक्यता जास्त असते. आत्याबाईंमध्ये यातल्या तीन गोष्टी तर तुमच्या पत्रातच दिसतात. म्हणजे त्या "मनानं खचल्या म्हणून बऱ्या होत नाहीत" असं नाही. बऱ्या होत नाहीत म्हणून खचल्या आहेत.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी आयुष्य आरोग्य सेविका म्हणून उपकेंद्रांवर काढलं. 2006 साली आपल्याकडे चिकनगुनियाची मोठी साथ आली तेव्हा माझ्या स्वतःच्या आईला तो झाला. मी रोज दहा घरी जाऊन लोकांना आराम सांगायची, आणि घरी आईला म्हणायची, "हलवत राहा, हलवल्याशिवाय सुटणार नाही." सहाव्या आठवड्यात सकाळी सकाळी तिला विहिरीवर पाठवलं. पाण्यानं भरलेला गुंड उचलताना तिचं मनगट वळलं, गुंड दगडावर आपटला आणि ती तिथेच बसून राहिली. संध्याकाळपर्यंत मनगट वांग्यासारखं सुजलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. ते न बोलणं अजून माझ्या मनातून जात नाही. म्हणून आत्याबाई रात्री जेवल्या नाहीत हे वाचलं तेव्हा तुमच्या पत्राला आधी उत्तर द्यायचं ठरवलं.

आपल्या जुन्या माणसांना या रोगाचं नाव तेव्हा ठाऊक नव्हतं, यालाही कारण आहे. भारतात तो 1963 ला कोलकात्यात आढळला, आपल्या महाराष्ट्रात 1973 ला बार्शीला त्याची साथ आली आणि मग तीसेक वर्षं तो दिसेनासा झाला. 2005 च्या शेवटी परत आला तो आता राहायलाच आला आहे. 2024 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूला घरोघरी लोक भिंतीला धरून चालत होते, हे तुम्हालाही आठवत असेल. नावाचं म्हणाल तर कोंबडीशी त्याचा काही संबंध नाही. हा विषाणू पहिल्यांदा 1952 मध्ये आताच्या टांझानियात सापडला. तिथल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ दुखण्यानं वाकून जाणं असा आहे. हे एवढ्यासाठी सांगते, की अजून कित्येक घरांत आजाऱ्याचं चिकन-अंडं बंद करतात. आत्याबाई खात असतील तर खुशाल द्या. चार महिने बसून त्यांच्या हातापायांचं मांस उतरलं असेल, त्याला वरण, अंडी, शेंगदाणे, तीळ हे सगळं लागतं. आंबट बंद केल्यानं या दुखण्यातला सांधा लवकर सुटतो याला आधार नाही. मीठ मात्र बेतानं, बीपी आहे म्हणून.

आता कमरेतलं इंजेक्शन आणि पुडीतल्या गोळ्या. इथे मला थोडं कठोर बोलू द्या.

चार दिवस बरं वाटून पाचव्या दिवशी पुन्हा तेच, असं वारंवार होत असेल तर ते इंजेक्शन बहुधा तीव्र वेदनाशामकाचं किंवा स्टेरॉइडचं असतं. दोन्ही औषधं वाईट नाहीत. योग्य डॉक्टर, योग्य माणसाला, मोजून आणि लक्ष ठेवून देतात. पण नाव न सांगता, पुडीत बांधून, बीपी-शुगर न मोजता महिनोन्महिने दिलेली ही औषधं घात करतात. वेदनाशामकानं पोटात जखम होते, बीपी वाढतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांसोबत ते घेतलं तर मूत्रपिंडावर भार पडतो. स्टेरॉइडनं चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात आणि जंतूंशी लढायची ताकद कमी होते. त्यात माणसाला भूक लागते, हुशारी वाटते, म्हणून त्याला "ताकदीचं औषध" म्हणतात. ती ताकद उसनी असते.

पण हे वाचून आज संध्याकाळीच सगळ्या गोळ्या उकिरड्यावर टाकू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या काही आठवडे पोटात गेल्या असतील तर त्या एकदम बंद केल्यानंही माणूस कोसळू शकतो. उलट्या, चक्कर, बीपी पडणं असं होतं. म्हणून पुडीतली प्रत्येक जातीची एकेक गोळी जपून ठेवा, रिकामी पट्टी मिळाली तर तीही, आणि डॉक्टरसमोर ठेवा. गावातल्या त्या डॉक्टरांना अदबीनं विचारा, "कोणतं इंजेक्शन दिलं, कागदावर नाव लिहून द्या." नाव लिहून देत नाही तो डॉक्टर पुन्हा घरात घेऊ नका. सलाइनचंही तेच. उलट्या-जुलाब नसताना लावलेल्या सलाइनच्या बाटलीत मीठ किंवा साखरेचं पाणी असतं, सांध्याला त्याचा काही उपयोग नाही.

तोवर दुखण्यावर पॅरासिटामॉल हीच सगळ्यात सुरक्षित गोळी. मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅम, म्हणजे 500 च्या 8 गोळ्या, ही शेवटची हद्द आहे. वय झालेल्या, वजन कमी असलेल्या किंवा यकृताचा त्रास असलेल्या माणसाची हद्द त्याच्याही अलीकडे असते. म्हणून किती घ्यायच्या ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सर्दी-तापाच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, आणि कदाचित त्या पुडीतही असेल. तीही मोजणीत धरावी लागते.

कुठे जायचं? आधी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर तपासून चिठ्ठी घ्या. मग यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिनच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं मेडिकल हेही आहेत, पण तुम्हाला यवतमाळच जवळ पडतं, आणि या दुखण्यात पुन्हा पुन्हा जावं लागणार आहे. तिथे गेल्यावर स्पष्ट सांगा, "तापाला चार महिने झाले, सांधे अजून सुजतात, सकाळी इतका वेळ जखडतात." डॉक्टर बोटांचे सांधे दाबून पाहतील, रक्तातली सूज मोजतील आणि हा चिकनगुनियानंतरचाच त्रास आहे की त्याच्या आडून संधिवात सुरू झाला, तेही तपासतील. दोन्ही वरून सारखेच दिसतात, म्हणून ही तपासणी टाळू नका. चिकनगुनियाची तपासणी मात्र पुन्हा करायला पैसे घालवू नका. ती महिनोन्महिने पॉझिटिव्ह येऊ शकते. विषाणू अजून अंगात फिरतो आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

गरज वाटली तर डॉक्टर संधिवाताच्या औषधांपैकी एखादं सुरू करतील. त्यांचा गुण यायला आठवडे लागतात, तेव्हा "चार दिवसांत फरक नाही" म्हणून सोडू नका. यातली एक गोष्ट मी प्रत्येक घरी दोनदा सांगते. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी दिली तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. आठवड्याचा वार ठरवा आणि कॅलेंडरवर लाल गोल करा. मेडिकलवाला चुकून "रोज एक" म्हणाला तरी ऐकू नका, डॉक्टरला परत विचारा. दुसरं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन असतं, ते लांब चालणार असेल तर डोळे तपासून घ्यावे लागतात.

आता हातांबद्दल. हे तुमच्या घरात, तुमच्या हातात आहे.

सकाळी आत्याबाईंना चुलीपाशी बोलावू नका. त्यांची सकाळ अर्धा-पाऊण तास उशिरा सुरू होऊ द्या. अंथरुणातच पायाचे घोटे गोल फिरवायचे, गुडघे हळूहळू दहा वेळा वाकवून सरळ करायचे. मग पसरट घमेल्यात सोसेल इतकं गरम पाणी घ्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत दहा मिनिटं त्यात ठेवू द्या. पाण्यातच बोटं उघडायची, मिटायची, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. मिटेल तेवढंच मिटायचं, दुसऱ्या हातानं ओढून मूठ आवळायची नाही. हिवाळ्याच्या या दिवसांत अंगणातलं सकाळचं ऊन पाठीवर घेत हे केलं तर त्यांनाही बरं वाटेल.

किती करायचं याला एक सोपा नियम आहे. हालचालीनंतरचं जास्तीचं दुखणं दोन तासांत उतरलं नाही, किंवा दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तर आदल्या दिवशी जास्त झालं. दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं, बंद करायचं नाही. जो सांधा गरम लागतो आणि सुजलेला दिसतो त्याला त्या दिवशी गार पाण्याची पट्टी आणि आराम द्यायचा. जो नुसता जखडला आहे त्याला शेक द्यायचा. जोर लावून मालीश करणाऱ्या बाईला सध्या बोलावू नका. हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही.

घरात चार बारीक बदल करा. सराट्याच्या आणि झाऱ्याच्या दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून तो जाड करा, बारीक दांडा धरायला मूठ जास्त आवळावी लागते. चहा कपाऐवजी गडव्यात किंवा मोठ्या पेल्यात द्या, पण अर्धाच भरा. बाजेखाली दोन-दोन विटा ठेवून ती उंच करा, म्हणजे उठताना गुडघ्यावर आणि मनगटावर जोर येणार नाही. शौचाला उकिडवं बसणं हा त्यांचा रोजचा छळ असेल आणि लाजेनं त्या सांगत नसतील. मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची बाजारात मिळते, ती घ्या. मी पाहिलेल्या कितीतरी बाया शौचाला बसावं लागू नये म्हणून जेवण आणि पाणी कमी करतात. आत्याबाई रात्री जेवत नाहीत त्यामागे हेही कारण आहे का, ते एकटीला गाठून विचारा.

वेचणीचं काय? खरं सांगते, या हंगामात त्यांना पऱ्हाटीत उभं करू नका. कापूस वेचणं लोकांना हलकं काम वाटतं. पण बोंड चिमटीत धरायचं, मनगट वळवून कापूस ओढायचा, बोंडाच्या टोकानं बोट टोचलं तरी थांबायचं नाही, आणि हे दिवसभरात हजारो वेळा, कमरेला भरत जाणारी ओटी आणि वाकलेली पाठ. सुजलेल्या बोटांना याहून वाईट काम शोधून सापडणार नाही. ज्या दिवशी त्या चहाचा कप कानाला धरून पितील त्याच्यानंतर महिन्याभरानं वेचणीचं नाव काढा, तेही दुपारी एक तास.

पण त्यांना रिकामं बसवूही नका. "माझं काही काम उरलं नाही," हे त्यांचं वाक्य मला सांध्यांपेक्षा जास्त लागलं. ज्या बाईनं आयुष्यभर पहाटे उठून दोन वेचे कापूस घरी आणला, तिला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बाजेवर बसून दुसऱ्यांना ओट्या बांधताना बघायचं आहे. तिला खरं काम द्या. मन रमवायला दिलेलं खोटं काम ती ओळखेल. घरी आलेल्या कापसातला काडीकचरा, पाला आणि कवडी, म्हणजे किडका कापूस, वेगळी करणं हे दुपारच्या उन्हात बसून, हलक्या बोटांनी होणारं काम आहे, आणि साफ मालाला बाजारात भाव जास्त मिळतो हे मालकांना सांगायला नको. मजुरांची हजेरी, किलो लिहून घेणं, हिशेब त्यांच्याकडे द्या. लिहिता येत नसेल तर नातीला सोबत बसवा. तुरीच्या शेंगा सोलायला मात्र देऊ नका, चिमटीत जोर लागतो. भाकरीचं पीठ मळणंही सध्या नको. पुढे हात सुटले की आधी कणकेचा मऊ गोळा दाबायला द्या.

नातीला आजीजवळ झोपू द्या, आजच. चिकनगुनिया हात लावून, एका ताटात जेवून किंवा श्वासातून पसरत नाही. तो एडिस डासातून पसरतो, आणि रोग्याच्या रक्तात विषाणू साधारण तापाच्या पहिल्या आठवड्यातच असतो. चार महिन्यांनी त्यांच्यापासून कोणालाही काही होत नाही. जाऊबाईंना वाटणारी भीती खोटी म्हणून झटकू नका, त्यांनाही हे समजावून सांगा. नाकावरचा काळा डागही याच रोगाचा आहे. कित्येकांना तो येतो, आणि महिन्यांनी हळूहळू फिका होतो. नजर लागली, पाप फुटलं असं कोणी म्हणत असेल तर आत्याबाईंच्या समोरच ठामपणे सांगा, "हा तापाचा डाग आहे, जाईल." दुखेल असं काही त्यावर चोळू देऊ नका.

डासांची खरी काळजी पुढच्या पावसाळ्याची आहे. आत्याबाईंना एकदा होऊन गेला, त्यांना पुन्हा होण्याची शक्यता फार कमी. तुम्हाला आणि लेकरांना मात्र आहे. हा डास दिवसा चावतो आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, टाकं, गुरांचं पाण्याचं भांडं पूर्ण रिकामं करून आतून घासायचं. नुसतं उपसून चालत नाही, अंडी भिंतीला चिकटून कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत असतात. आपल्याकडे सगळ्यात मोठा दोषी म्हणजे कूलर. मृग लागला की बंद करतो आणि टाकीत पाणी तसंच सोडतो. या वर्षी कूलर ठेवून देताना टाकी घासून, पुसून, उन्हात वाळवून मगच ठेवा. आणि कोणाला नवा ताप आला तर रक्त तपासून डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरं कोणतंही वेदनाशामक देऊ नका. डेंग्यू याच डासातून येतो, आणि त्यात ती औषधं रक्तस्राव वाढवतात.

मालकांबद्दल एवढंच म्हणते, की ते वाईट आहेत असं तुमच्या पत्रातून वाटलं नाही. झाडावरचा कापूस लोंबताना दिसतो, मजूर मिळत नाही, आणि आई दुपारी बरी दिसते. अशा वेळी तोंडातून निघून जातं. त्यांना समजावून सांगण्यापेक्षा यवतमाळला सोबत न्या. डॉक्टर बोटं दाबतील तेव्हा आईचा चेहरा त्यांनाच बघू द्या. एक सकाळ घमेल्यात पाणी ओतायचं काम त्यांच्याकडे द्या. माझ्या आईचं सुजलेलं मनगट मी हातात घेतलं तेव्हाच मला कळलं, त्याआधी चार पुस्तकं वाचूनही कळलं नव्हतं.

आणि एक गोष्ट जपून सांगते. लांबलेल्या दुखण्यात मन खरंच खालावतं, झोप जाते, जेवण जातं. "काम उरलं नाही"च्या पुढे जाऊन "मी गेलेली बरी" असं काही त्या बोलल्या, तर ते रागात बोलल्या म्हणून सोडू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, मरणाचे विचार येतात का. विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, माणूस मोकळं होतं. टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तुम्हीही तुमच्यासाठी लावू शकता. आणि फवारणीची उरलेली औषधं घरात, गोठ्यात कुठेही असतील तर आजच कुलपात टाका, किल्ली तुमच्याकडे ठेवा. कापसाच्या गावात ही काळजी प्रत्येक घरानं घ्यावी, कोणी आजारी असो वा नसो.

वाट न बघता लगेच दवाखान्यात नेण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत. शौच डांबरासारखी काळी झाली, लघवी कमी झाली, चेहरा किंवा पाय सुजले, दम लागू लागला, पुन्हा ताप भरला, एकच सांधा लालबुंद होऊन हात लावू देईना, किंवा हातापायांत मुंग्या येऊन ताकद जाऊ लागली, तर त्या दिवशी कापूस राहू द्या आणि 108 ला फोन करा.

यवतमाळला जाण्याआधीच एक काम सुरू करा. दर रविवारी सकाळी उठल्या उठल्या आत्याबाईंना मूठ मिटायला सांगा आणि मधल्या बोटाचं टोक तळहातापासून किती लांब राहतं ते तुमच्या बोटांनी मोजा. तीन बोटं, दोन बोटं, जे असेल ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेत लिहा, शेजारी सांधे सुटायला किती वेळ लागला तेही. रोज पाहताना फरक दिसत नाही, महिन्याच्या पानावर दिसतो. ते पान डॉक्टरला दाखवा. मग मला पत्र लिहाल तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते कळवा, आणि कॅलेंडरवर किती बोटं उरली तेही लिहा.